खाऱ्या पाण्याची टाकी निवळते कशी?

मराठीत पाण्याचे वर्णन करायला शब्दांची वाण नाही. गढूळ, मचूळ, शेवाळलेले, नितळ, निवळशंख. त्यातले 'निवळणे' हे क्रियापद मला विशेष आवडते. आभाळ निवळते, भांडण निवळते, तसेच पाणीही निवळते. यात कुणी काही 'करते' असे नाही, आपोआप होते. पण पूर्वीच्या बायका नुसत्या वाट पाहत बसत नसत. मडक्याच्या आतल्या अंगाला निवळीची बी उगाळायची, नाहीतर तुरटीचा खडा पाण्यात चार वेळा फिरवायचा, आणि सकाळपर्यंत साका तळाला. निवळीच्या झाडाला नावही त्याच कामावरून पडले.

हे सगळे आठवायचे कारण आमच्या प्राणिशास्त्र विभागातली नवी टाकी. यंदा विभागाने पहिल्यांदाच समुद्री माशांसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्याची, टाकी मांडली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू आणि दगड घातल्यावर पाणी मावते सुमारे १५० लिटर. कॉरिडॉरमध्येच ठेवल्यामुळे जाणारा-येणारा डोकावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "पाणी असं दुधासारखं का?" वाङ्मय मंडळातल्या मित्रमैत्रिणींनी तर या प्रश्नाने मला भंडावून सोडले. प्रत्येकाला जिन्यात उभे राहून सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे म्हणून हा लेख. घरी टाकी मांडायचा विचार असेल तर तुम्हाला तो कामी येईलच, नसेल तरी समुद्राबद्दल दोन गोष्टी कळतील.

आधी ओळखा, मग उपाय करा

डॉक्टरकडे गेल्यावर 'ताप आहे' एवढ्यावर औषध मिळत नाही. ताप कशाने आला ते बघावे लागते. पाण्याचा धूसरपणाही तसाच. नव्या खाऱ्या टाकीत तो मुख्यतः चार कारणांनी येतो: वाळूची धूळ, मिठातून बाहेर पडलेला चुना, बारीक बुडबुडे आणि जिवाणूंची अचानक वाढ. चारही वेळा काचेतून दिसणारे दृश्य जवळजवळ सारखेच असते. उपाय मात्र वेगळे, काही तर एकमेकांच्या उलट.

ओळखण्यासाठी महागडे काही लागत नाही. एक स्वच्छ काचेचा ग्लास टाकीतल्या पाण्याने भरा, मागे काळा कागद धरा आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. मग घड्याळ लावून बघत राहा.

पाच-दहा मिनिटांत ग्लास तळाकडून वर साफ होत गेला, तर ते बुडबुडे होते. बुडबुडे वर जातात, त्यामुळे खालचे पाणी आधी स्वच्छ दिसते.

ग्लास वरून खाली साफ होत गेला आणि सकाळी तळाला पांढरा साका बसलेला दिसला, तर ती धूळ किंवा चुना. वरचे पाणी अलगद ओतून टाका आणि साक्यावर घरातल्या पांढऱ्या व्हिनेगरचे थोडे थेंब सोडा. फसफसून साका विरघळला, तर तो कॅल्शियम कार्बोनेट. नाही विरघळला, तर सिलिकाची वाळू किंवा माती.

रात्रभर ठेवूनही ग्लासातले पाणी धूसर ते धूसरच राहिले, तळाला काही नाही, वर काही नाही, तर बहुतेक ते जिवाणू. ते इतके लहान आणि पाण्याइतकेच जड असतात की स्वस्थ ठेवले म्हणून खाली बसत नाहीत.

पाणी हिरवे दिसत असेल तर प्रश्नच नाही, ते सूक्ष्म शैवाल. पण नव्या टाकीत पहिल्या आठवड्यात हे सहसा होत नाही. खिडकीतून ऊन येत असेल आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साठले असेल तर पुढे होते. तेव्हा दिवे कमी करणे, ऊन अडवणे आणि पाणी बदलणे हाच रस्ता.

वाळूची धूळ

समुद्री टाकीत तळाला घालतात ती वाळू बहुधा ॲरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचीच एक जात. शिंपले-प्रवाळ ज्याचे बनतात तेच. पोत्यात, प्रवासात तिचे दाणे एकमेकांवर घासतात आणि पिठासारखी भुकटी तयार होते. पाणी ओतले की ती उठते.

ती बसायला किती वेळ लागेल, याचा हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्रातल्या स्टोक्सच्या नियमाने करता येतो. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे कण दहापट लहान झाला तर वेग शंभरपट कमी. ॲरागोनाइटचा १० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक फूट खाली यायला तासभर घेतो. एक मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला साडेतीन दिवस! (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणून पहिल्या दिवशी पाणी झपाट्याने साफ होताना दिसते आणि नंतर शेवटची झाक काही केल्या जात नाही. त्यात आपला पंप पाणी सतत फिरवत असतो, म्हणजे ते स्थिरही नसते.

उपाय तीन. पहिला, आधीच वाळू धुणे. बादलीत थोडी थोडी वाळू घेऊन, तांदूळ धुतो तशी, वरचे पाणी बऱ्यापैकी साफ येईपर्यंत धुवायची. मात्र पिशवीत ओलसर विकतात ती 'लाइव्ह सँड' धुवायची नाही. तिच्यातल्या जिवाणूंचेच आपण पैसे मोजलेले असतात. दुसरा, पाणी ओतताना वाळूवर एक पसरट ताटली ठेवायची आणि धार तिच्यावर धरायची. तिसरा, फिल्टरमध्ये दाट पांढरा कापूस घालायचा आणि पहिले तीन-चार दिवस तो रोज काढून धुवायचा किंवा बदलायचा. तुंबलेल्या कापसाला पाणी वळसा घालून जाते, मग फिल्टर चालू असूनही काम शून्य.

यातले सगळे केले की दोन-तीन दिवसांत ही धूळ जाते. ती माशांना विषारी नसते, पण कल्ल्यांवर बसून त्रास देते. तेव्हा ती जाईपर्यंत मासा नको.

मिठातून बाहेर पडलेला चुना

समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी, असे आपण सहज म्हणतो. स्वयंपाकघरातल्या मिठाने समुद्र बनत नाही. त्यात सोडियम आणि क्लोराइड सर्वांत जास्त असले तरी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट हेही ठरावीक प्रमाणात असतात. म्हणून टाकीसाठी तयार समुद्री मीठ मिळते ते वापरायचे. खुल्या समुद्रात किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. विकतच्या मिठात थोडा ओलावा असतो, त्यामुळे १०० लिटरला साडेतीन ते चार किलो मीठ लागते. नेमके किती, ते हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर सांगतो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की झाले.

गंमत अशी की उष्ण प्रदेशातल्या समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शियम आणि कार्बोनेट मुळातच विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असतात. तरी ते खाली बसत नाहीत, कारण मॅग्नेशियम त्यांच्या स्फटिकांच्या वाढीत आडवे येते. हा तोल नाजूक आहे. मीठ बादलीत आधी टाकून वरून थोडे पाणी ओतले, किंवा कडक गरम पाणी घेतले, तर त्या दाट काल्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना गाठतात आणि पांढरा चुना होऊन बाहेर पडतात. बादलीत हिमवर्षाव! पीएच वाढवणारी औषधे एकदम ओतल्यावरही हेच होते.

म्हणून नियम सोपा. आधी पाणी, मग मीठ. मीठ थोडे थोडे, पंप चालू ठेवून. पाणी खोलीच्या तापमानाचे. मिसळून झाल्यावर काही तास, शक्य असेल तर रात्रभर, तसेच फिरू द्यायचे. चुना एकदा बाहेर पडला की पाणी पुढे साफ दिसते, पण त्यातले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, कमी झालेली असते. अशा वेळी साफ दिसण्यावर जाऊ नका, तपासून बघा. फारच घसरण असेल तर ते पाणी टाकून नवे करा.

बुडबुडे

हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार, पण मला सर्वांत मजेशीर वाटतो. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भेटले की एकमेकांत मिसळतात, मोठे होतात आणि पटकन वर येऊन फुटतात. समुद्राच्या पाण्यातले क्षार हे मिसळणे रोखतात. म्हणून खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीकच राहतात आणि पुष्कळ वेळ तरंगतात. मिरामारला लाट फुटल्यावर पाणी पांढरेफेक दिसते आणि नळाखालच्या बादलीत तसे दिसत नाही, यामागे हाही भाग आहे.

याच गुणावर 'प्रोटीन स्किमर' नावाचे यंत्र चालते. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला माशांच्या विष्ठेतले, अन्नातले सेंद्रिय घटक चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात जमा होतो. टाकीतली घाण सडण्याआधीच बाहेर. नवा स्किमर पहिले काही दिवस टाकीत बुडबुडे सोडतो, नंतर शांत होतो. तसे नसेल तर पंपाच्या तोंडाशी हवा शिरते का, फिल्टरच्या कप्प्यातली पाण्याची पातळी खाली गेली आहे का, हे पाहा. बाष्पीभवनाने पातळी उतरली असेल तर गोडे पाणी घालून भरा. मीठ उडून जात नाही, ते टाकीतच राहते.

जिवाणूंचे दूध

आता खरा विषय. धूळ बसली, पाणी छान दिसू लागले, घरातल्यांनी कौतुक केले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी पुन्हा पांढरे! यावेळी रंग धुक्यासारखा, काचेला बोट लावले तर किंचित बुळबुळीत.

टाकीत दोन तऱ्हेचे जिवाणू महत्त्वाचे. पहिल्या तऱ्हेचे सेंद्रिय पदार्थ खातात: उरलेले खाद्य, मेलेले जीव, दगडावर राहिलेले काहीबाही. खायला मिळाले की काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, यांची संख्या दुप्पट होते. दुसऱ्या तऱ्हेचे अमोनियावर जगतात. त्यातले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे दोन टप्प्यांचे काम दोन वेगळ्या गटांचे जिवाणू करतात हे दाखवून दिले. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. एका दुपटीला अर्धा दिवस, दिवस, कधी त्याहून जास्त. ते पाण्यात तरंगत नाहीत, दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर घर करून राहतात.

नव्या टाकीत घर कुणाचेच नसते. त्यामुळे थोडे जरी सेंद्रिय खाद्य मिळाले तरी पहिली मंडळी पाण्यातच भराभर वाढतात आणि पाणी दुधाळ करतात. खाद्य संपले की उपासमारीने त्यांची संख्या उतरते आणि पाणी निवळते. याला तीन-चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो.

यात धोका आहे तो दोन ठिकाणी. पहिला ऑक्सिजनचा. २७ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. मुळातच कमी. त्यात हे कोट्यवधी जिवाणू श्वास घेत असतात. रात्री तर वाढवणारे कुणीच नाही. अशा टाकीत मासा ठेवला की पहाटे तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतो.

दुसरा धोका अमोनियाचा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातले एक रूप फारसे अपायकारक नाही, दुसरे कल्ल्यांतून थेट रक्तात शिरते. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, तिथे हाच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे टेस्ट किटवर आकडा तोच, पण खाऱ्या टाकीतल्या माशाला त्रास कितीतरी पट जास्त. घरी गोल्डफिश पाळलेल्या माणसाचा अंदाज इथे चुकतो तो यामुळेच.

उपाय काय? खाद्य टाकणे बंद. काही सडत असेल तर शोधून काढणे. हवेचा पंप किंवा पृष्ठभाग ढवळणारा पंप रात्रंदिवस चालू. स्किमर असेल तर चालू. यूव्हीचा दिवा लावलेला फिल्टर मिळाला तर उत्तम, कारण त्यातून जाणारे तरंगते जिवाणू मरतात आणि दगडावर बसलेले उपयोगी जिवाणू वाचतात. पाण्याला पिवळट झाक किंवा वास असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी. टाकीत आधीच मासे असतील तर त्याच खारेपणाचे, त्याच तापमानाचे पाणी तयार करून चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि अमोनिया रोज तपासावा. मासे नसतील तर घाई कशाची? थांबणे हाच सर्वांत स्वस्त उपाय. सडलेल्या अंड्यासारखा वास आला मात्र थांबू नका. वाळूखाली किंवा दगडामागे काहीतरी कुजते आहे.

मग तुरटी का नको?

हा प्रश्न आमच्या विभागात अगदी कळीचा झाला. टाकी सोमवारी भरली. शनिवारी विज्ञान प्रदर्शन, फादर प्रिन्सिपलच्या हस्ते उद्घाटन, बाहेरून पाहुणे. बुधवारपर्यंत वाळूची धूळ बसली होती. गुरुवारी संध्याकाळी पाणी दुधाळ झाले. बाटलीतले जिवाणू टाकले होते आणि त्यांना 'खाऊ' म्हणून येता-जाता कुणी ना कुणी माशांचे खाद्य चिमूट-चिमूट सोडले होते. दोन क्लाउनफिशची आगाऊ रक्कम दुकानात भरलेली. दुकानदार काका म्हणाले, "शुक्रवारी घेऊन जा, काही होत नाही, पाणी आपोआप साफ होतं." आमच्यातल्या एकीने घरून तुरटी आणली.

तुरटीचे काम समजून घेण्यासारखे आहे. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण सुटे राहतात आणि पाणी गढूळ. तुरटीतले ॲल्युमिनियम हा भार मोडते, वर स्वतःचा मऊ, चिकट साका तयार करते आणि कण त्यात गुंतून खाली बसतात. पण समुद्राच्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हे धन भाराचे कण आधीच इतके असतात की मातीच्या कणांचा ऋण भार झाकला जातो. ते जवळ येऊन चिकटतात आणि जड होऊन बसतात. मांडवी असो की जुवारी, नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला भेटते तिथे गाळ बसतो, त्याचे हे एक कारण. म्हणजे तुरटीचे अर्धे काम समुद्र स्वतःच करतो.

उरले नुकसान. तुरटी विरघळताना आम्ल तयार होते, ते अल्कलिनिटी खाते आणि पीएच खाली ओढते. प्रवाळ, शिंपले, साधे चुनखडीचे कवच बनवणारे शेवाळ, सगळ्यांना ही अल्कलिनिटी हवी असते. आणि आमचा धूसरपणा मातीचा नव्हताच. जिवाणू एकदम खाली बसवले तरी ते तळाला कुजणार, अमोनिया वाढवणार. दुकानात मिळणारी, समुद्री टाकीसाठी म्हणून विकली जाणारी पाणी-साफ द्रव्ये तुरटीपेक्षा सौम्य असतात आणि धुळीवर बऱ्यापैकी चालतात. पण जिवाणूंच्या बाबतीत त्यांनाही हाच आक्षेप लागू आहे.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी वाद थांबवला. "आधी अमोनिया तपासा, मग बोला." आकडा लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास आला. मॅडम म्हणाल्या, "पाणी उद्या साफ दिसलं असतं तरी मी मासे सोडू दिले नसते." काही जण नाराज झाले. साहजिक होते, पोस्टरवर दोन नारिंगी मासे छापून झाले होते. दुकानात फोन करून मासे तिथेच ठेवायला सांगितले.

मग प्रदर्शनात दाखवायचे काय? टाकी होती तशीच ठेवली, धूसर, आत फक्त वाळू आणि दगड. तिच्यापुढे टेबलावर काळा कागद, चार ग्लास आणि व्हिनेगरची बाटली. एका ग्लासात धुतलेल्या वाळूचे पाणी, दुसऱ्यात मुद्दाम बिघडवलेले मीठ, तिसऱ्यात बुडबुडे, चौथ्यात टाकीतले पाणी. येणाऱ्याने टॉर्च मारून ओळखायचे. शाळकरी मुलांनी व्हिनेगर दोनदा संपवले. फादरनी चारपैकी तीन बरोबर ओळखले आणि चौथ्यासाठी हट्टाने पुन्हा टॉर्च मारला.

किनाऱ्यावरून आणले तर?

गोव्यात राहून समुद्राचे पाणी विकतच्या मिठातून का करायचे, असे पुष्कळांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण मिरामारचे पाणी म्हणजे मांडवीच्या मुखाचे पाणी. पावसाळ्यात त्याचा खारेपणा खूप उतरतो आणि गाळही असतो. शहराजवळच्या पाण्यात सांडपाणी, बोटींचे तेल, सगळेच येते. कोरड्या ऋतूत, नदीमुखापासून दूर, भरतीच्या वेळी आणलेले पाणी वापरणारे लोक आहेत. ते पाणी गाळून, अंधारात झाकून काही दिवस ठेवतात आणि खारेपणा मोजूनच वापरतात. नव्या माणसाने मिठानेच सुरुवात करावी.

वाळू आणि दगड मात्र किनाऱ्यावरून उचलू नयेत. किनारपट्टी नियमनाची त्यावर बंधने आहेत. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. समुद्रघोडेही त्याच यादीत. बाजारात कुणी 'आपल्याच समुद्रातला' प्रवाळ स्वस्तात देऊ लागला तर सरळ नाही म्हणावे. आम्ही कृत्रिम सच्छिद्र दगड वापरले. जिवाणूंना राहायला छिद्रे हवीत, ती त्यांत भरपूर आहेत.

मासे कधी सोडायचे?

पाणी निवळले म्हणजे टाकी तयार झाली, असा समज सर्वत्र आहे. निवळलेले पाणी इतकेच सांगते की तरंगणारे काही उरले नाही. अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी टेस्ट किट.

आमची नोंदवही अशी चालली. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पाणी साफ. मग रसायनशास्त्र विभागातून शुद्ध अमोनियम क्लोराइड घेतले आणि १५० लिटरला सुमारे १ ग्रॅम घातले. यातून लिटरला साधारण २ मिलिग्रॅम अमोनिया मिळतो, आणि कुजणारे खाद्य न टाकता उपयोगी जिवाणूंना अन्न मिळते. रोज तपासणी. आधी अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढले. मग नायट्राइट उतरले आणि नायट्रेट दिसू लागले. पुन्हा तेवढेच अमोनियम क्लोराइड घालून बघितले. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हा सहावा आठवडा चालू होता. साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतातच. थोडे पाणी बदलून नायट्रेट कमी केले आणि मगच दुकानात फोन केला.

तुम्ही घरी मांडणार असाल तर थोडक्यात क्रम असा. वाळू धुवा. आधी पाणी, मग मीठ, वेगळ्या बादलीत किंवा पिंपात. ताटलीवर धार धरून भरा. पंप, फिल्टर, हीटर सुरू करून तापमान २५-२६ अंशांच्या आसपास ठेवा. आपल्याकडे मार्च ते मे हीटरपेक्षा पंख्याचीच गरज जास्त पडते. पहिले चार दिवस कापूस रोज बदला. धूसर दिसले तर ग्लास, काळा कागद, टॉर्च. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत टाकीत मासा नाही. मग एका वेळी एक किंवा दोन लहान मासे, आणि पुढचे दोन-तीन आठवडे त्यात भर नाही, कारण जिवाणूंची वस्ती माशांच्या संख्येइतकीच वाढते, आधी वाढून वाट पाहत बसत नाही. नवे मासे आल्यावर एक-दोन दिवस हलकी झाक येऊ शकते. तेव्हा खाद्य निम्मे करा आणि अमोनिया तपासा.

आमचे दोन क्लाउनफिश आता कॉरिडॉरमधल्या टाकीत आहेत. बघायला जरूर या. काचेवर टकटक करू नका, आणि कितीही भुकेले वाटले तरी खाद्य टाकू नका. त्यांचे जेवण दिवसातून दोनदा, वेळ टाकीशेजारच्या पाटीवर लिहिलेली आहे.